क्वाड्रॅट टाकला नाही म्हणे!

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही, टाकणारही नाही. पण उत्तर मात्र इथे वरच देतो, चार लोकांना दिसेल असं.

ज्यांनी 'रंकाळ्याचा ढळलेला तोल' हा माझा मागचा लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलने 1866 साली 'इकॉलॉजी' हा शब्द घडवला, तिथून सुरुवात करून मी आपल्या कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यातल्या जलपर्णीपर्यंत आलो होतो. त्यावर या गृहस्थांचं ('एक अभ्यासक', यापलीकडे नाव नाही) म्हणणं असं: टॅन्स्ली या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 'परिसंस्था' (इकोसिस्टिम) हा शब्द मांडला, त्याचं साल चुकलंय. तळ्याचा अभ्यास करणाऱ्या लिंडमन या अमेरिकन शास्त्रज्ञाचा उल्लेखच नाही. टॅन्स्लीने तो शब्द पुढे आणला तोच मुळी झाडोऱ्याला 'एक जीव' समजणाऱ्यांना उत्तर म्हणून, आणि मी त्याचंच नाव घेऊन रंकाळ्याला 'आजारी' म्हणतो. शेवटी हे वाक्य: "ज्याने आयुष्यात कधी क्वाड्रॅट टाकला नाही अशा माणसाने लिहिल्यासारखा लेख वाटतो." (क्वाड्रॅट म्हणजे रोपं मोजायला जमिनीवर टाकायची चौकट.)

साल चुकलं, कबूल. 1935 च्या जागी 1953 पडलंय. 1953 हे ओडमच्या इकॉलॉजीच्या पाठ्यपुस्तकाचं साल, तेच बोटात बसलेलं. दुरुस्त केलंय. आभारी आहे.

आता क्वाड्रॅट.

साहेब, मी एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर होतो. क्वाड्रॅट म्हणजे एक मीटर बाय एक मीटरची चौकट, हे तुम्ही पुस्तकात वाचलं असेल. आमच्या विभागातली चौकट सागवानी होती, सुताराकडून मी करून आणलेली. तिच्यात सुतळी ओवून शंभर घरं मी पाडली होती. पावसात सुतळी फुगायची आणि सैल पडायची, म्हणून दर खेपेला ती नव्याने ताणावी लागायची. ही चौकट खांद्याला अडकवून पन्हाळ्यापर्यंत एसटी, आणि तिथून मसाई पठारावर चालत. कंडक्टर दर वेळी विचारायचा, "मामा, खिडकी कुठं बसवायची?"

आमच्या एका सरांची पीएच.डी. चालली होती. पठारावर लोखंडी खुंट्या ठोकून जागा पक्क्या केल्या होत्या. पाच वर्षं, दर पावसाळ्याच्या शेवटी, त्याच जागांवर चौकट टाकायची आणि घरागणिक रोपं मोजायची. सर छत्री धरून वही लिहायचे. जांभ्यावर गुडघे टेकून मोजायचा कोण, ते सांगायला नको. जांभा ओला असला तरी टोचतोच. आजही जिना चढताना ते पठार आठवतं.

पहिल्या वर्षी एका चौकटीत तेरडा इतका माजलेला की खालचं गवत दिसेना. दुसऱ्या वर्षी पाऊस उशिरा लागला, तर तेरडा नावाला, आणि जिथे तिथे सीतेची आसवं. तिसऱ्या वर्षी दोन्ही मागे पडले आणि भलतंच गवत वर आलं. सर वैतागायचे. झाडोऱ्याला 'एक जीव' समजणाऱ्या क्लेमेंट्सच्या हिशेबाने झाडोरा टप्प्याटप्प्याने एका ठरलेल्या मुक्कामाकडे जायला हवा, आणि आमची चौकट दरसाल नवीनच काहीतरी दाखवायची.

यावर तुम्ही लगेच म्हणाल, "हेच तर क्लेमेंट्सचा विरोधक ग्लीसन 1926 साली सांगत होता! प्रत्येक जात आपापल्या गरजेने येते-जाते, जमाव म्हणजे एक देह नव्हे." म्हणा. ग्लीसन मला तुमच्याकडून शिकायला नको. त्याचं नाव कानावर यायच्या आधी मी तो गुडघ्यांवर बसून मोजलाय.

त्या प्रबंधात ऋणनिर्देशाची दोन पानं आहेत. सासुरवाडीच्या मंडळींचीसुद्धा नावं आहेत. माझं नाही. तक्रार नाही, तेव्हाही केली नव्हती. पण "क्वाड्रॅट टाकला नाही" हे वाक्य मी निवृत्तीनंतर, माझ्याच ब्लॉगवर, एका निनावी माणसाकडून ऐकून घेणार नाही.

लिंडमन. एका लेखात किती माणसं कोंबायची? मिनेसोटातल्या सीडर बॉग तळ्यात कोण कोणाला खातं याचा त्याने ऊर्जेच्या हिशेबात ताळेबंद मांडला. तो लेख आधी परत आला होता, त्याच्या मार्गदर्शकाने, हचिन्सनने, रदबदली केली तेव्हा 1942 साली छापला, आणि छापून यायच्या आत हा पोरगा सत्ताविसाव्या वर्षी गेला. मला हे सगळं ठाऊक आहे. विषय जलपर्णीचा होता म्हणून घेतलं नाही. निदान त्याचं नाव तरी लागलं लेखाला!

राहिला 'आजारी' हा शब्द. टॅन्स्लीने सजीव आणि त्यांच्याभोवतीचं निर्जीव सगळं, हवा, पाणी, माती, मिळून एक व्यवस्था धरली, आणि 'जीव' ही उपमा त्याला पटत नव्हती, हे खरं आहे. पण तो ऑक्सफर्डात बसून वनस्पतिशास्त्रज्ञांशी वाद घालत होता. मी रंकाळ्याकाठी शालिनी पॅलेससमोरच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसणाऱ्या माणसांसाठी लिहितो. सांडपाण्यातून नत्र आणि स्फुरद येतं, त्यावर जलपर्णी पोसते, ती पाणी झाकते, खाली उजेड जात नाही, प्राणवायू घटतो, मासे मरून वर येतात. एवढं बघितल्यावर कोल्हापूरचा माणूस "तळं आजारी पडलंय" म्हणणार नाही तर काय म्हणणार? आणि 'तोल' या शब्दाबद्दलही तुम्ही कंसात काहीतरी लिहिलंय. ते शब्दांचे खेळ आहेत, त्यात मी पडत नाही.

सरांनी नापसंत म्हणून बाजूला टाकलेल्या दोन वह्या माझ्याकडे आहेत. पाचही वर्षांचे आकडे आहेत, काही पानांवर चिखल आहे. बघायच्या असतील तर खऱ्या नावाने कळवा आणि रविवारी सकाळी रंकाळ्यावर संध्यामठाजवळ या. वह्या मी आणतो. चौकट कॉलेजात जमा केली, ती तेवढी तुमची तुम्ही आणा.