करिअर फेअरमधून रिकाम्या हाती परतण्याचे खात्रीशीर उपाय

परवा एका करिअर फेअरमध्ये, म्हणजे कंपन्या स्टॉल लावून कॉलेजच्या मुलांना नोकरीसाठी भेटतात त्या मेळाव्यात, आमच्या कंपनीच्या स्टॉलमागे दिवसभर उभं राहून घसा बसला. पायांची तर गोष्टच सोडा. पण एक मात्र पटलं: या मुलांना कुणीतरी फार मन लावून चुकीचा सल्ला देत असणार. इतक्या जणांना एकाच दिवशी, एकाच पद्धतीने, हे सगळं आपापलं सुचणं शक्य नाही. तो सल्ला अजून ज्यांच्यापर्यंत पोचलेला नाही, त्यांची गैरसोय नको म्हणून इथे देतो आहे.

सर्वप्रथम, येणाऱ्या कंपन्यांची यादी उघडू नका. आयोजक ती आधीच पाठवतात, स्टॉलच्या नकाशासकट, पण ते त्यांचं काम. तुम्ही ती वाचलीत तर कोण कोणत्या शाखेची मुलं घेतंय, इंटर्नशिप आहे की पूर्णवेळ नोकरी, पदवीचं कोणतं वर्ष चालतं, हे सगळं घरबसल्या कळेल. मग पाऊण तास रांगेत तिष्ठून टेबलापाशी पोचल्यावर ‘आम्ही यंदा फक्त शेवटच्या वर्षाचे घेतोय’ हे ऐकण्यात काय मजा राहिली? त्या यादीतून आपल्या कामाची ८-१० नावं निवडायची आणि एकेका वेबसाइटवर १५ मिनिटं घालवून ही कंपनी काय विकते, कुणाला विकते, सध्या कोणती पदं भरतेय एवढं वाचायचं, हा तर शुद्ध अतिरेक. त्यापेक्षा आमच्या डोक्यावर हातभर अक्षरांत जे लिहिलंय, बरोबर त्याच्याखाली उभे राहा आणि विचारा, ‘सर, तुमची कंपनी काय करते?’

रांग निवडताना सर्वांत लांब निवडा. ती कशाची आहे हे पुढच्याला विचारू नका, त्यालाही माहीत नसतं. आधी दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीच्या दोन स्टॉलवर बोलून जीभ मोकळी करावी आणि मग मनातल्या कंपनीकडे जावं, असं काही जुनाट लोक सांगतात. तुम्ही थेट मनातल्या कंपनीवरच सराव करा.

चौघे मित्र मिळून या. एकाने बोला, तिघांनी माना हलवा.

आईवडिलांना बरोबर आणलंत तर बोलायचंही काम उरत नाही.

आता रिझ्युमे. इथे मात्र थोडे कष्ट घ्या. दोन कॉलमचं रंगीत टेम्प्लेट शोधा, गोल चौकटीत फोटो लावा, फोन आणि ईमेल या शब्दांऐवजी छोटी चित्रं टाका, आणि खाली कौशल्यांच्या भरलेल्या-अर्धवट भरलेल्या पट्ट्या. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत रिझ्युमे आधी सॉफ्टवेअरमधून जातो. त्या सॉफ्टवेअरला तुमच्या रंगसंगतीचं कौतुक नसतं, ते फक्त मजकूर उपसून काढतं. दोन कॉलम असले की कधी डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीत घुसते आणि तुमचं शिक्षण तुमच्या छंदांना जाऊन चिकटतं. पानाच्या हेडरमध्ये टाकलेला फोन नंबर कधी कधी वाचलाच जात नाही. हे तपासायला एक दमडी लागत नाही, म्हणूनच बहुधा कुणी तपासत नाही: पीडीएफ उघडायची, सगळा मजकूर निवडायचा, कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करायचा. तिथे जो गोंधळ दिसेल, साधारण तोच सॉफ्टवेअरला दिसतो. काहीच पेस्ट झालं नाही तर अभिनंदन, तुम्ही रिझ्युमे म्हणून एक चित्र पाठवत आहात.

आणि त्या पट्ट्या! ‘पायथन ८५ टक्के.’ प्रोग्रॅमिंगची भाषा ती, टक्के कुणी मोजले? उरलेले १५ टक्के कुठले, लूप येत नाही की फाइल उघडता येत नाही? पट्टीऐवजी त्या पायथनमध्ये काय केलं ते एका ओळीत लिहा म्हणावं, तर खाली प्रकल्पांचा विभाग असतो आणि तिथे ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम: आम्ही एक कार्यक्षम व यूझर-फ्रेंडली प्रणाली विकसित केली.’ आम्ही म्हणजे कोण? तुम्ही काय केलंत? लॉगिनचं पान? डेटाबेसची टेबलं? नुसता रिपोर्ट टाइप केला? तेही चालेल हो, पण लिहा की! एका गटातले चौघे एकामागून एक येतात आणि चारही कागदांवर शब्दन्‌शब्द तेच वाक्य, चॅटबॉटने वाढलेलं. पुस्तक उशिरा परत आलं तर दंड कसा मोजता, एवढंच विचारलं की चौघेही एकमेकांकडे बघतात. बरं, तो हिशेब ज्याने खरोखर लिहिलाय, मधल्या सुट्या वगळताना ज्याची रात्र गेली आहे, असा एकजण त्या चौघांत असतोच. ‘सुट्या वगळून दंड मोजणारा भाग मी लिहिला, महिना बदलताना तो चुकत होता, ते दुरुस्त केलं.’ एवढी एक ओळ असती तर मी त्याला खुर्ची दिली असती, मागची रांग ताटकळली तरी पर्वा केली नसती. पण त्या ओळीला त्या पानावर जागा नाही. जागा कशाला आहे? तर ‘आव्हानात्मक वातावरणात माझ्या कौशल्यांचा वापर करून संस्थेच्या प्रगतीत योगदान देणे’ या उद्दिष्टाला. चांगल्या तीन ओळी! कुठली संस्था, कसली प्रगती, कोणती कौशल्यं, काही पत्ता नाही. अख्ख्या हॉलमध्ये एकच उद्दिष्ट फिरत असतं.

असो. पुढे जाऊ.

रिझ्युमे लॅमिनेट करून आणा. बोलता बोलता आम्ही त्याच्या कोपऱ्यात दोन शब्द लिहितो, ‘एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) बरं, बोलवावं’ असं काहीतरी, आणि संध्याकाळी त्या दोन शब्दांवरूनच गठ्ठे वेगळे होतात. लॅमिनेशनवर पेन चालत नाही, त्यामुळे तुमची प्रत कोरी आणि सुरक्षित राहील. तसं नको असेल तर एकच प्रत आणा आणि ‘सर, फोटो काढून घ्या ना’ म्हणा. २०-२५ साध्या कागदावरच्या प्रती, एकेका पानाच्या, कोण वाहून नेणार? हातात तर पेनं आणि बाटल्यांच्या पिशव्या धरायच्या असतात.

गिटहबची, म्हणजे लिहिलेला कोड ठेवायच्या वेबसाइटची, लिंक जरूर द्या. आत काहीही ठेवू नका.

गूगल ड्राइव्हची लिंक दिलीत तर ती कुलूपबंद असू द्या. आम्ही रात्री बसून परवानगी मागू, तुम्ही ८ दिवसांनी द्या.

टेबलापाशी पोचलात की कागद पुढे करा आणि गप्प राहा. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं तर ‘त्यात आहे सगळं’ म्हणा. कोणतं काम हवंय विचारलं तर ‘काहीही चालेल’. पहिला प्रश्न पॅकेजचा.

नाही, आता खरंच ऐका. एका मुलामागे आमच्याकडे जेमतेम दोन-तीन मिनिटं असतात. त्यात नाव, शाखा-वर्ष, स्वतः केलेली एक गोष्ट आणि कोणत्या पदासाठी आलात, हे ३० सेकंदांत सांगता आलं पाहिजे. ते आरशासमोर नव्हे, मोठ्याने गाणी लावून दहा वेळा म्हणून बघा, कारण हॉलमध्ये स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. विचारायचंच असेल तर नवीन माणसाला पहिल्या ६ महिन्यांत काय काम देता, निवडीचे टप्पे किती आणि कधीपर्यंत, हे विचारा. पैशांचा प्रश्न रास्तच आहे, तो निवड पुढे सरकल्यावर बिनधास्त विचारा. ‘काहीही चालेल’ म्हणणाऱ्याला कुठे पाठवायचं हे आम्हाला ठरवता येत नाही, म्हणून आम्ही त्याला कुठेच पाठवत नाही. हे तुम्हाला तीन-चार वर्षांत कुणीच सांगितलं नाही? महाविद्यालयाने बस केली, बिल्ले छापले, आणि एक तास बसवून हे सांगायला वेळ नव्हता?

आमच्यातलेही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. एकही जागा नसताना नुसतं नाव मिरवायला स्टॉल लावतात आणि मुलांचे कागद गोळा करून घरी नेतात. त्यांना लाज वाटली पाहिजे. म्हणून तर जागा आहे का, किती आणि कोणती, हे तोंडावर विचारायला शिका.

आणि ‘वेबसाइटवर अर्ज भरा’ म्हटलं की तोंड पाडून निघून जाता ना? दर वेळी ती टाळाटाळ नसते. अर्ज प्रणालीत नसेल तर अनेक ठिकाणी मुलाखतीची तारीखच लावता येत नाही, मग कोपऱ्यात लिहिलेले ते दोन शब्द तसेच गठ्ठ्यात राहतात. त्याच रात्री अर्ज भरा. दुसऱ्या दिवशी चार ओळींचा मेल करा: कुठे भेटलो, काय बोलणं झालं, कोणतं पद, अर्जाचा क्रमांक. सोबत रिझ्युमेची पीडीएफ, फाइलला स्वतःचं नाव देऊन. ‘फायनल रिझ्युमे नवीन ३’ या नावाच्या फाइली आमच्याकडे ढीगभर पडल्या आहेत, आणि त्यातली कोणती कुणाची हे शोधत बसायला कुणालाही वेळ नाही.