तात्या, विहीर मे महिन्यात बघायची असते

दसऱ्याला तासगावला घरी गेलो होतो. जेवणं झाल्यावर तात्यांनी, माझ्या थोरल्या चुलत्यांनी, मोबाईल पुढं केला. "ह्ये बघ. २०१२ ला उत्तर ध्रुवावर ३४ लाख चौरस किलोमीटर बर्फ उरला हुता. फुडच्या साली ५० लाख. वितळतोय म्हणतोस, मग वाढला कसा?"

आकडे खरे आहेत. २०१२ चा नीचांक अजून मोडलेला नाही, हेही खरं. तरी तात्यांचं म्हणणं मला पटत नाही.

आपल्या विहिरीत पाणी किती, हे श्रावणात कुणी विचारत नाही. मे महिन्यात कितवी पायरी उघडी पडली ते बघतात. एखादं साल पाऊस बरा झाला की दोन पायऱ्या परत बुडतात, म्हणून विहिरीचं पाणी वाढलं असं तात्या स्वतः कधी म्हणाले नाहीत. उत्तर ध्रुवाभोवतीच्या समुद्राचा मे महिना म्हणजे सप्टेंबर, तेव्हा तिथला बर्फ सगळ्यात कमी असतो. उपग्रह १९७९ पासून तो बर्फ मोजतायत. ऐंशीच्या दशकात सप्टेंबरात साधारण ७० लाख उरायचा. २००७ ते २०२५ या १९ वर्षांत एकदाही बर्फ २००७ च्या आधीच्या कुठल्याही सालाइतका उरलेला नाही. तात्यांनी दाखवलेलं ५० लाखांचं सालही त्यातच आलं. २०१२ साल फारच खाली गेलं; त्या ऑगस्टमध्ये मोठं वादळ होऊन बर्फ फुटला, त्याचीही थोडी भर पडली. तिथून मोजायला लागलं तर पुढचं सगळं वाढल्यासारखंच दिसणार.

आणि हे झालं नुसतं क्षेत्रफळ. जाडी वेगळी. चार-चार उन्हाळे काढलेला जुना, जाड बर्फ आता फार थोडा राहिलाय. बाकीचा बराचसा एका हिवाळ्यात गोठलेला, पातळ. पांढरा बर्फ ऊन परत फेकतो. तो गेला की खालचं काळं पाणी तेच ऊन पिऊन आणखी तापतं.

एक मात्र मान्य करतो. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. त्याचा दोष थेट ध्रुवावरच्या बर्फाला देणारे मेसेज मीही पुढं पाठवले होते. ते चूक होतं. एका पुराचा असा सरळ धागा जोडता येत नाही, आणि घाईनं जोडला की तात्यांसारख्या विचारी माणसाचा खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

दिवाळीला परत जाणार आहे. १९७९ पासूनचा प्रत्येक सप्टेंबर वहीत उतरवलाय. तात्यांसमोर बसून एकेक वाचणार.