रात्रपाळीतील इंटर्न आणि वरिष्ठांचा फोन : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय डॉक्टरसाहेब,

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. नव्याने एमबीबीएस झालेल्या डॉक्टरांना, म्हणजे इंटर्नना, रात्रपाळीत एकटे सोडू नये, असे मी मागच्या लेखात लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे असे की, सतत सोबत मिळालेली मुले पंगू होतात. आपल्या पिढीला कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, एकटे टाकले, म्हणूनच ती तयार झाली. आणि बंधपत्राच्या, म्हणजे पदवीनंतरच्या सक्तीच्या, सेवेसाठी सांगली जिल्ह्यातल्या जत किंवा आटपाडीकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलेल्या डॉक्टरला मध्यरात्री हाक मारायला कोणीच नसते, तेव्हा ती सवय आधीच लागलेली बरी.

यातला शेवटचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे. जतहून मिरजेचे मोठे रुग्णालय गाठायला बराच वेळ लागतो, आणि तोवर सर्पदंशाच्या रुग्णाचे जे काही करायचे ते त्या एका तरुण डॉक्टरलाच करावे लागते. परंतु नेमक्या याच कारणासाठी इंटर्नशिपचे बारा महिने मला मोलाचे वाटतात. साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमानंतर येणाऱ्या या वर्षात नवा डॉक्टर प्रत्यक्ष निर्णय घेऊ शकतो, आणि तो निर्णय चुकत असेल तर रुग्णाला इजा होण्याआधी कोणीतरी त्याला थांबवू शकते. पुढे जतला ही सोय नाही म्हणून ती इथेही नको, हा युक्तिवाद मला पटत नाही.

आपल्याच भागातले एक उदाहरण घेते. द्राक्षबागेवर फवारायचे औषध पोटात गेलेले रुग्ण आपण दोघांनीही पुष्कळ पाहिले आहेत. ऑर्गेनोफॉस्फरस गटातले विष असेल तर त्यावरचा उतारा म्हणून लगेच अ‍ॅट्रोपिन सुरू होते, छातीतली घरघर कमी होते, आणि दुसऱ्या दिवशी रुग्ण बोलू लागतो. नातेवाईक चहा पाजू का म्हणून विचारतात. केसपेपरवर ‘प्रकृती स्थिर’ अशी नोंद होते आणि सगळ्यांचे लक्ष पलीकडच्या खाटेकडे वळते. पण विष पोटात गेल्यापासून साधारण २४ ते ९६ तासांच्या दरम्यान काही रुग्णांच्या मानेचे स्नायू दुबळे होतात आणि मागोमाग श्वासाचेही. हे वेळीच लक्षात यावे म्हणून रुग्णाला उशीवरून डोके उचलायला सांगायचे. ते उचलता येत नसेल, तर श्वास कोंडण्याची वाट न पाहता भूलतज्ज्ञांना बोलवायचे आणि व्हेंटिलेटरची तयारी करायची. ही खूण पुस्तकात असते आणि परीक्षेत विद्यार्थी ती लिहितोही. मात्र वरवर बऱ्या दिसणाऱ्या रुग्णाला पहाटे तीन वाजता उठवून ती आपणहून तपासायची असते, हे त्याच्या अंगी बाणते ते कोणा वरिष्ठाने त्याला त्या खाटेपाशी नेऊन, रुग्णाला डोके उचलायला लावून, ‘तुला काय दिसले?’ असे विचारल्यावरच. एकट्या सोडलेल्या मुलाला हा धडा कधीच मिळत नाही असे मी म्हणणार नाही. पण त्याची किंमत रुग्ण मोजतो, आणि रुग्ण दगावल्यावरसुद्धा नेमके काय निसटले हे त्या मुलाला अनेकदा कोणी सांगत नाही. अशा रात्री कितीही काढल्या तरी त्यातून तो शिकेल याची खात्री मला देता येत नाही.

वरिष्ठाने सगळे निर्णय स्वतः घ्यावेत, असे मात्र मी म्हटलेले नाही. सलाईन लावणे, रक्ताचे नमुने पोहोचवणे आणि रिपोर्ट आणायला पळणे एवढ्यातच ज्याचे वर्ष गेले, तो इंटर्न पंगूच राहणार, हे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. रात्रपाळी सुरू होताना वरिष्ठाने त्याला विचारावे, की या वॉर्डात आज तुला कोणाची काळजी वाटते, कशावरून वाटते आणि काय दिसले की तू मला फोन करशील. उपचाराची पहिली आखणी त्यानेच करावी आणि ती का केली हेही त्यानेच सांगावे. त्याची उत्तरे जसजशी पक्की होतील, तसतसे वरिष्ठाने मागे सरकावे. फोन मात्र वर्षभर उचलावा, आणि नीट बोलावे. ‘एवढ्यासाठी उठवलंस?’ हे एकदा ऐकलेला मुलगा पुढच्या वेळी सिस्टर सांगत असतानाही फोन करत नाही, आणखी थोडे पाहू म्हणतो. माझ्या मते रात्रीच्या वॉर्डातली सर्वांत धोक्याची गोष्ट हीच आहे.

मिरजेच्या परंपरेचा आपण दाखला दिलात. १८९४ साली तिथे रुग्णालय सुरू करणाऱ्या डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी इथल्या तरुणांना वैद्यक शिकवले, ते स्वतःच्या हाताखाली घेऊन. इंटर्नने वरिष्ठांच्या देखरेखीखालीच काम करावे, स्वतःच्या सहीने मृत्यूचा दाखला किंवा न्यायवैद्यक कागद देऊ नये, हे नियमांतही होतेच.

वरिष्ठ आणायचे कुठून, असे आपण विचारता. पदे रिकामी असतात आणि एकेका निवासी डॉक्टरवर दोन-दोन वॉर्ड पडतात, हे मीही पाहते. ती पदे भरली गेलीच पाहिजेत. परंतु अपुऱ्या मनुष्यबळाची उणीव इंटर्नकडून भरून काढायची आणि त्यालाच प्रशिक्षण म्हणायचे, हे मी मान्य करू शकत नाही.

राहिला जत-आटपाडीचा प्रश्न. निवृत्तीनंतरही तालुक्यातले तरुण डॉक्टर अडले की रात्री आपल्याला फोन करतात आणि आपण त्यांना सल्ला देता, असे आपण प्रतिक्रियेच्या शेवटी लिहिले आहे. हे वाचून मला आपल्याविषयी फार आदर वाटला. आपण जे आपुलकीने करता, ते मोठ्या रुग्णालयातील त्या रात्रीच्या फिजिशियनचे नेमून दिलेले काम असावे, त्यांचे नाव आणि नंबर प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावलेले असावेत, आणि पुढे पाठवलेल्या रुग्णाचे काय झाले हे पाठवणाऱ्या डॉक्टरला कळवले जावे, अशी माझी मागणी आहे. ती लेखी स्वरूपात जिल्हा प्रशासनापुढे मांडायची झाल्यास आपली सही तिच्यावर असावी, अशी विनंती करते.

आपली नम्र