घर उंच केलं म्हणजे वाचलं असं नाही

लेखात म्हटलंय की किनाऱ्यावरची घरं खांबांवर उचलली की वादळी भरतीचा प्रश्न सुटतो. इतकं सोपं नाही हो. 2008 साली आईक वादळाने टेक्सासमधलं गिलख्रिस्ट गाव जवळजवळ पुसून टाकलं. तिथली बरीच घरं खांबांवरचीच होती! एक पिवळं घर उभं राहिलं, त्याचे फोटो जगभर फिरले. ते इतरांपेक्षा जास्त उंचावर बांधलेलं होतं.

खरा मुद्दा आहे लाटेचा माथा आणि सगळ्यात खालची तुळई यांच्यातल्या अंतराचा. पाणी तुळईखालून गेलं तर भार फक्त खांबांवर येतो. माथा तुळईला लागला की बाजूने धक्का बसतोच, शिवाय खालून वर उचलणारा जोर येतो, आणि नुसत्या खिळ्यांवर बसवलेली लाकडी जमीन तिथेच सुटते.

ओरेगन स्टेट विद्यापीठात 104 मीटर लांबीच्या लाट-कालव्यात, म्हणजे कृत्रिम लाटा सोडायच्या लांबट टाकीत, घरांच्या प्रतिकृतींवर असे जोर मोजतात. गणित मजेशीर आहे: प्रतिकृती नवव्या हिश्शाची केली तर पाण्याचा वेग तिसऱ्या हिश्शाचा, पण जोर 729 पट कमी. त्यात घराच्या लाकडी जमिनीखाली अडकलेली हवा या प्रमाणात लहान होत नाही, त्यामुळे छोट्या प्रतिकृतीचे आकडे जपूनच वापरावे लागतात. लेखकाने हे गाळलंय.

आपल्याकडे खडकवासल्याच्या सीडब्ल्यूपीआरएसमध्ये (केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात) बंदरांच्या लाटरोधक भिंतींच्या प्रतिकृती तपासतात. किनाऱ्यालगतच्या रिसॉर्टांना परवानगी देताना तळमजल्याची उंची कोण तपासतं, यावर पुढचा लेख येऊ द्या.