कपाटाची कुलपं काढा

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात आमच्या भागातल्या एका छोट्या वाचनालयात पाणी शिरलं. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि त्या आठवड्यात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं. तळमजल्यावरच्या सगळ्या कपाटांचे खालचे दोन कप्पे बुडाले. पाणी ओसरल्यावर आम्ही दहा-बाराजणांनी पुस्तकं उचलून जवळच्या तालमीच्या हॉलमध्ये नेली. मी गुळाच्या अडतीवर दिवाणजी. बाजार ठप्पच होता, त्यामुळं चार दिवस मी तिथंच होतो.

भिजलेलं पुस्तक उन्हात टाकायचं नसतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. पानं वेडीवाकडी होतात. पंख्याच्या वाऱ्यावर ठेवायचं, मधेमधे कोरा कागद घालायचा, तो ओला झाला की बदलायचा. दोन दिवसांत बुरशी धरते म्हणून हात उरकायचा. चित्रांची, गुळगुळीत कागदाची पुस्तकं सगळ्यात नाजूक. त्यांची पानं वाळता वाळता एकमेकांना अशी चिकटतात की परत सुटत नाहीत. एक निवृत्त ग्रंथपाल बाई हे सगळं सांगत हॉलभर फिरत होत्या.

म्हणजे काम काय, तर जमिनीवर बसून पानं उलटायची. आणि पान उलटलं की नजर जाणारच.

पहिल्या दिवशी हातात मधमाश्या पाळण्याचं पुस्तक आलं. कामकरी माशी पोळ्यावर नाचून बाकीच्यांना फुलोरा कुठल्या दिशेला आहे ते सांगते. नाचाची रेघ उभ्या रेषेशी जेवढा कोन करते, तेवढ्याच कोनात सूर्यापासून बाजूला उडायचं. हे मी ओल्या पानावर वाचलं आणि शेजारच्याला हलवून सांगितलं. त्याच्या हातात आकाशनिरीक्षणाचं पुस्तक होतं, तो मला मृग नक्षत्र समजावत बसला. दोघांच्याही पुढचे कागद बदलायचे राहिले, बाई रागावल्या.

तिसऱ्या दिवशी मोडीची बाराखडी सापडली. आमच्या आजोबांच्या कीर्द-खतावण्या घरी माळ्यावर आहेत, सगळ्या मोडीत. ते गेल्यापासून घरात त्या कुणाला वाचता आलेल्या नाहीत. मी स्वतः आयुष्यभर खतावण्याच लिहितोय, तरी मलाही नाही. त्या पुस्तकात पहिल्याच पानावर होतं, की आधी आडवी रेघ पूर्ण ओढून घ्यायची आणि मग अक्षरं त्या रेघेखाली, हात शक्य तितका कमी उचलत लिहायची. आजोबांच्या वह्यांतल्या लांबच लांब रेघा डोळ्यासमोर आल्या. मला तिथंच भरून आलं.

त्या वाचनालयाचा मी पंचवीस वर्षांचा सभासद. ही दोन्ही पुस्तकं माझ्या सभासद होण्याच्या आधीपासून तिथं होती, दाखल क्रमांकाशेजारी साल होतं. मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर मोडीच्या पुस्तकाला एकंदर तीन शिक्के. पंचवीस वर्षं मी कादंबऱ्या आणि चरित्रं नेली, कारण मला नावं तेवढीच माहीत. देवघेवीच्या टेबलाजवळ उभं राहायचं आणि आतून आवाज येणार, "काका, काय पायजे ते सांगा, काढून देतो की." मुलगा चांगला आहे, मनापासून काढून देतो. पण मला काय हवंय ते मला ठाऊक असायला हवं ना? मधमाशीचा नाच मला हवा होता हे मला कसं कळावं? नाव सांगून पुस्तक मागायचं, तर त्याचं नाव आधी कुठंतरी कानावर पडलेलं असावं लागतं. ज्याचं नाव कुणी घेत नाही, ते कपाटातच म्हातारं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की वाचनालयांनी वाचकाला कपाटापर्यंत जाऊ द्यावं. ग्रंथपाल याला मुक्तद्वार पद्धत म्हणतात. ही काही नवी मागणी नाही. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यात तिसरा आहे, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. कुलपाच्या आड तो मिळायचा कसा? आणि हे कोल्हापुरात तरी कुणाला पटवावं लागू नये. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. सार्वजनिक ग्रंथालयांचा देशातला पहिला कायदा १९४५ साली आपल्याच संस्थानात झाला, महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर बावीस वर्षांनी, १९६७ साली.

कपाटांची रचनासुद्धा भटकणाऱ्यासाठीच केल्यासारखी असते. ड्यूई पद्धतीत विषयाला आकडा असतो. पूर आल्यावर मी ते आकडे शिकलो. सिनेमा ७९१ मध्ये, कुस्ती ७९६ मध्ये. कोल्हापूरची दोन्ही वेडं एकाच कपाटात शेजारी-शेजारी! मधमाशी किडा म्हणून ५९५ मध्ये असते, पाळायची म्हणून ६३८ मध्ये, आणि तिथून दोन हात सरकलं की ६४१ ला स्वयंपाक. ऊस शेतीत, ६३३ ला. त्याची साखर मात्र कारखानदारीत, ६६४ ला. ऊसाचं पुस्तक घ्यायला आलेला शेतकरी वाटेत काय काय बघून जाईल, विचार करा.

पुस्तकं चोरीला जातील, कुठलंही कुठंही खोचलं जाईल, हे मला कार्यकारिणीतल्या दोघांनी सांगितलं. जातील, काही नक्की जातील. चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलंच पुस्तक, हेही खरं. पण त्याला उपाय आहे. वाचकानं पुस्तक परत कप्प्यात ठेवायचं नाही, टेबलावर ठेवायचं, जागेवर लावायचं काम आम्ही चारजण करू. तीन शिक्क्यांवर थांबलेल्या पुस्तकाला मात्र काय उपाय आहे?

पुरानंतर देणग्यांतून नवी लोखंडी कपाटं आली. त्यांनाही कुलपं आहेत. यंदाच्या वार्षिक सभेत मी उभा राहून हे सगळं बोललो, आणि रविवारी सकाळी दोन तास, फक्त सहाशेच्या आकड्यांचं कपाट उघडायचं, असं ठरलंय. या भागातले असाल तर या. दहा वाजता किल्ली माझ्याकडं असेल. मधमाशीचं पुस्तक दुसऱ्या कप्प्यात आहे, पाठीवर चिखलाची रेघ असलेलं.