स्वतःचं नाक नावडतं कसं करावं?

आपलं शरीर आपल्याला आवडू नये अशी मनापासून इच्छा असेल, तर आता फार कष्ट पडत नाहीत. पूर्वी त्यासाठी एखादी खोचक आत्या लागायची आणि तीही वर्षातून दोनदाच यायची. आता ती सोय उशाशीच असते.

डोळे पूर्ण उघडायच्या आत फोन उघडा. स्वतःचं तोंड धुण्याआधी दुसऱ्याचं रंगवलेलं तोंड बघायचं, हा पहिला नियम. त्या एका फोटोपायी चाळीस खोडले असतील, हा विचार मनाला शिवू देऊ नका. तुलनेला त्यांचा एकेचाळिसावा फोटो घ्या आणि आपला पारोसा चेहरा.

मग सेल्फी. फोन नाकापासून फूटभरच लांब हवा. 12 इंचांवरून काढलेल्या सेल्फीत चेहऱ्याच्या मानाने नाक जवळपास 30 टक्के जास्त रुंद दिसतं, असा हिशेब अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2018 साली मांडला. पाचेक फुटांवरून काढलं तर नाक नाकाएवढंच दिसतं. पण भूमितीला मध्ये कशाला आणायचं? दोष नाकालाच द्या. दोन बोटांनी फोटो ताणा, आजवर कुणालाही न दिसलेलं ते छिद्र दिसेपर्यंत ताणत राहा. आता फिल्टर लावा: नाक बारीक, डोळे मोठे, गाल नव्या साबणासारखे. फिल्टर काढल्यावर समोर कुणी आजारी चुलतभाऊ बसल्यासारखं वाटलं, की पहिली इयत्ता पास.

सिक्स पॅकवाल्याचे व्हिडिओ रात्री एक वाजता, पाठीवर पडून बघावेत. अंगठा जिथे रेंगाळला त्याच वाणाचा माल पुढे येत राहतो, तेव्हा शोधायची दगदगही नाही.

गुण येतो का, अशी शंका असेल तर ऐका. इन्स्टाग्राममुळे दर तीन किशोरवयीन मुलींमागे एकीची शरीराबद्दलची खंत वाढते, असं त्याची मालक असलेल्या फेसबुकच्याच अंतर्गत कागदांत लिहिलेलं होतं. 2021 साली ते कागद बाहेर फुटले. एवढं रोखठोक प्रगतिपुस्तक मला तरी शाळेत कधी मिळालं नव्हतं!

शेवटी ग्रुप फोटो. त्यात आधी स्वतःला शोधा, दंड आणि हनुवटी तपासा, आणि 'मी भयंकर दिसतेय, हा टाकू नकोस ना' असा मेसेज पाठवा. फोटो काढणाऱ्याच्या फोनवर तोवर उरलेल्या सहाजणांचे तसेच मेसेज येऊन पडलेले असतात.