पांढरी तीन

काल संध्याकाळी लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे काका भेटले. बरोबर त्यांचे कुणी पाहुणे होते. काकांनी माझी ओळख करून दिली, "हे आमच्या वरचे. यांच्याकडे फार सुंदर सा होता. यांनी तो दुरुस्त करून घालवला."

पाहुण्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पर्वतीच्या पायऱ्या उखडून भंगारात घातल्या होत्या. मी काही बोललो नाही. तळमजला येईपर्यंत 'कमाल सहा व्यक्ती' ही पाटी वाचत उभा राहिलो. पण रात्री झोप येईना, म्हणून हे लिहितोय.

मला कुणालाही सा द्यायचा नव्हता. मला डूम खेळायचा होता. १९९३ च्या डिसेंबरात हा राक्षसांना गोळ्या घालायचा कम्प्युटरवरचा खेळ आला आणि पुढची दोनतीन वर्षं मी तो मित्राच्या घरी, मित्राच्या मशीनवर, मित्राची पाळी संपल्यावर आणि आवाज पूर्ण बंद ठेवून खेळलो. आवाज बंद, कारण बाहेरच्या खोलीत त्याची आजी जप करत बसायची. म्हणजे आयुष्यातले सगळे राक्षस मी मुक्याने मारलेत. पन्नाशी दिसायला लागल्यावर ही थकबाकी वसूल करावीशी वाटली, यात माझं काय चुकलं?

जुन्या बाजारात एका रविवारी पेंटियम १६६ कम्प्युटर मिळाला. त्याला आवाज देणारं साउंड कार्ड दुसऱ्या एकाच्या पोत्यात सापडलं, त्या काळचं सोळा बिटी. विकणाऱ्याने ते मला मोडेम म्हणून दोनशे रुपयांना दिलं, मीही मोडेम म्हणूनच घेतलं, आणि आम्ही दोघंही एकमेकांना फसवल्याच्या आनंदात पांगलो.

पहिले काही दिवस आवाजच नव्हता. मग एकदा बंदूक झाडली तर 'ठो' झालं, आणि त्याच 'ठो'चा तुकडा 'ठोठोठोठो' करत घुमत राहिला. ऑटोएक्झेक डॉट बॅट नावाच्या फायलीत ज्यांनी कधी हात घातलाय त्यांना हे दुखणं ओळखीचं असेल. तिच्यात ए२२० आय५ डी१ एच५ पी३३० अशा थाटाची एक ओळ लिहावी लागते. वाड्यात राहिलेल्यांसाठी सोपं करून सांगतो. २२० हा खोलीचा नंबर, १ हे मागचं दार, आणि ५ ही पुढच्या दाराची कडी. कार्डाला आवाजाचा पुढचा घास हवा असला की ते कडी वाजवतं. माझं कार्ड वाजवत होतं ७ नंबरची, आणि खेळ कान लावून बसला होता ५ नंबरपाशी. शिवाय ७ वर प्रिंटरचं बिऱ्हाड आधीपासूनच होतं. कार्ड ५ वर आणलं, 'ठो' मोकळं झालं. एवढं समजायला मला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत घरातल्या एकाही माणसाने 'नक्की काय झालं होतं?' असं विचारलं नाही. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतोय.

राहिलं संगीत. डूमच्या सेटअपमध्ये संगीत कशावर वाजवायचं आणि बाकीचे आवाज कशावर, हे वेगवेगळं निवडता येतं. कार्डावर यामाहाची एफएम चिप होती. तिच्यावर संगीत वाजायचं, पण गिटारच्या जागी डालड्याच्या डब्यात अडकलेली माशी ऐकू यायची. काही लोकांना ती माशीच प्रिय असते. असोत बापडे. खरी चैन म्हणजे मिडी. त्यात कार्ड स्वतः वाजवत नाही, नुसते निरोप धाडतं. अमका सूर सुरू कर, तमका थांबव. वाजवायचं काम दुसऱ्या वाद्याचं. लेकीचा कीबोर्ड होताच. क्लासला तीन महिने आणि कपाटावर दोन वर्षं, असा त्याचा एकूण सांगीतिक प्रवास. त्याच्या पाठीला मिडीचं पाच छिद्रांचं सॉकेट होतं. फक्त केबल हवी होती, एका टोकाला जॉयस्टिकची पंधरा पिनांची आणि दुसऱ्या टोकाला मिडीची.

पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या तपकीर गल्लीत गेलो.

"मिडी केबल आहे का?"

"काय?"

"मिडी. मिडी."

दुकानदाराने मान वर न करता सांगितलं, "तुळशीबागेत बघा. फ्रॉकवाल्यांकडे."

मागची दोन गिऱ्हाइकं मनापासून हसली. विनोद चांगला होता, मी नाही म्हणत नाही. पण याच शहरात चाळीस वर्षांची स्कूटर रस्त्यात बंद पडली तर चार अनोळखी माणसं मायेने थांबतात, ती तिरकी करतात, प्लग काढून फुंकर मारतात आणि "आता असा पत्रा येत नाही हो" म्हणून हळहळतात. तीस वर्षांच्या कम्प्युटरचं नाव काढलं की फ्रॉक. केबल शेवटी ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या एका मित्राच्या माळ्यावर मिळाली.

त्या संध्याकाळी मी तो खेळ पहिल्यांदा ऐकला. कीबोर्डची एकही पट्टी हलत नव्हती आणि आतून अख्खा बँड वाजत होता. लेक दारातूनच बघून गेली. "डॉसबॉक्स फुकट मिळतं, बाबा." डॉसबॉक्स म्हणजे नव्या लॅपटॉपवर जुन्या कम्प्युटरचं सोंग काढणारा प्रोग्राम. मला माहीत आहे. मला सोंग नको होतं. एवढ्यात दोन राक्षस एकदम अंगावर आले, मी धडाधड गोळ्या झाडल्या, आणि गिटारचा एक सूर अडकला. बाकीचं संगीत पुढे निघून गेलं, हा मागेच उभा. आँऽऽऽऽ.

नंतर कळलं, की त्या पिढीच्या काही कार्डांना, म्हणजे ज्यांच्या आवाजाच्या चिपची आवृत्ती ४.११ ते ४.१३ आहे त्यांना, हा जडलेला रोग आहे. गोळ्यांचा आवाज आणि मिडीचे निरोप एकदम आले की चिपची तारांबळ उडते आणि एखादा निरोप गळतो. 'सुरू कर' गळला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. 'थांबव' गळला, की झालंच. त्या क्षणी मला यातलं काहीही माहीत नव्हतं. मी घाबरून कम्प्युटरचं बटण दाबलं. कम्प्युटर विझला. सूर चालूच. कीबोर्डला थांब म्हणायचं राहून गेलं होतं, आणि म्हणणारा तर गेला होता.

दाराची बेल वाजली.

तिसऱ्या मजल्यावरचे काका. नोकरी बँकेत झाली, पण विचारलंत तर "मी गाण्यात होतो" असं सांगतात. मी दार उघडता उघडताच माफी मागायला लागलो. काकांनी ओठांवर बोट ठेवलं.

"गप्प. पांढरी तीन."

"काय?"

"पांढरी तीन आहे. केसाचा फरक नाही. कोण वाजवतंय?"

"कुणीच नाही, काका. तो अडकलाय."

"अडकू द्या."

पांढरी तीन म्हणजे पेटीवरची तिसरी पांढरी पट्टी, गाणारे आपला सा कुठला ते अशा पट्टीने सांगतात. चपला काढून ते आत आले, कीबोर्डसमोर सतरंजीवर मांडी घालून बसले आणि डोळे मिटले. मी कीबोर्ड बंद करायला हात पुढे केला, तर डोळे न उघडता म्हणाले, "हात लावू नका. जवारी बघा काय लागलीय."

जवारी म्हणजे तानपुऱ्याच्या तारेतला तो भरलेला झणकार. घोडीवर तारेखाली दोरा सरकवत, श्वास रोखून ती शोधावी लागते. राक्षसांना गोळ्या घालताना अंगात यावं म्हणून केलेल्या त्या फाटक्या, घासलेल्या गिटारच्या आवाजात काकांना जवारी सापडली होती. त्यांचा स्वतःचा तानपुरा मिरजेचा आहे. त्याचा भोपळा तडकलाय. तो मिरजेला पाठवायचाय, हे मी गेली सहा वर्षं ऐकतोय.

"तुमच्याकडे इलेक्ट्रॉनिक तानपुरा आहे ना?" मी म्हटलं.

"आहे. त्यात जीव नाही."

आणि त्यांनी यमन सुरू केला. पस्तीस मिनिटं. हिने मध्येच चहा आणून ठेवला, तो त्यांनी एका हाताने घेतला आणि दुसऱ्या हाताने मला बसायची खूण केली. माझ्याच घरात. जाताना म्हणाले, "उद्या सहाला लावून ठेवा. आणि जमलं तर अर्धा सूर उतरवा. माझी पट्टी काळी दोन."

मी बिनडोकपणे प्रयत्नही केला. कीबोर्डला ट्रान्सपोजचं बटण आहे, पण ते फक्त बोटांनी वाजवलेल्या सुरांना लागू. बाहेरून आलेल्या निरोपांना तो कीबोर्ड जुमानत नाही, जसे येतील तसे वाजवतो. काकांना हे सांगितलं. "ठीक आहे, मी चढून गाईन," ते म्हणाले. वर्गणी वाढवून दिल्यासारखा स्वर.

दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला ते स्वतःची चटई घेऊन हजर.

"लागला?"

"काका, तो मुद्दाम लावता येत नाही. गोळ्या आणि संगीत एकदम आलं की कधीतरी अडकतो."

"मग झाडा ना गोळ्या."

झाडल्या.

"थांबू नका हो. असा हात आखडता घेतलात तर कसा लागायचा? तो कोपऱ्यातला कोण?"

"तो मेलाय."

"मेलेल्यावर झाडून चालत नाही का? आवाज तर तोच येणार."

हा गृहस्थ जिन्यातल्या मुंग्यांच्या रांगेला वळसा घालून जातो. आणि इथे मांडी घालून, तळव्यावर तळवा ठेवून, मला मेलेल्यावर झाडायला सांगत होता. मी झाडल्या. भिंतीवरही झाडल्या. एक सूर अडकला.

"पांढरी चार. छे, फार चढतोय. पुन्हा."

कीबोर्ड बंद करून परत सुरू केला. पुन्हा गोळ्या. या वेळी पांढरी तीनच अडकली, पण पार खाली, खर्जात. काका दोन मिनिटं ऐकत राहिले. "सूर बरोबर आहे. पण माझ्या गुडघ्यात वाजतोय. पुन्हा."

हिने व्यवहारी तोडगा काढला. कीबोर्डवर तोच गिटारचा आवाज लावला, नेमकी पट्टी बघून तिच्यावर चिकटपट्टी मारली आणि विचारलं, "हे चालेल का? म्हणजे रोज रोज गोळीबार नको." सूर तोच. मला तरी काडीचा फरक कळला नाही. काकांनी मान तिरकी करून ऐकलं आणि नकारार्थी हलवली.

"हा दाबलेला सूर आहे. तो सुटलेला होता."

असे नऊ दिवस. नऊ दिवसांत काका यमनातून पूरियात गेले आणि मी दुसऱ्या पातळीवरून तिसरीवर गेलो नाही. तीस वर्षं थांबून मिळवलेला आवाज. तो जरा चांगला वाजायला लागला, की काकांच्या दृष्टीने व्यत्यय. "हे मधलं ढँगढँग बारीक करता येतं का?" असंही त्यांनी एकदा विचारलं. ढँगढँग म्हणजे संगीत. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी जिन्यात थांबवून क्लासची फी विचारली, ती वेगळीच गंमत. मी सांगतो, कुणी माझ्याकडे येऊन 'अरे वा, तुम्ही हा चालू केलात!' असं म्हटलं असतं ना, तर मी त्यांना सकाळ-संध्याकाळ पांढरी तीन लावून दिली असती.

पुढच्या रविवारी जुन्या बाजारात दुसरं कार्ड मिळालं. त्याच घराण्याचं. घरी आणून बसवलं, तपासलं, चिपची आवृत्ती निघाली ४.०५. या चिपला तो रोग नाही. संध्याकाळी चार राक्षस एकदम अंगावर घेतले, बंदुका बदलून बदलून झाडल्या, सगळे सूर वेळेवर सुरू झाले आणि वेळेवर थांबले. मी खुर्चीत बसल्या बसल्या नाचलो.

काका चटईवर पाऊण तास वाट बघत होते.

"आज तब्येत बरी नाही का त्याची?"

"बरी झाली, काका. कार्ड बदललं. आता अडकणार नाही."

त्यांनी चटई गुंडाळली. दारापर्यंत जाऊन वळले.

"कुणी सांगितलं होतं?"

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचत नाही, आणि राग नेमका त्याचाच आहे.

"जुनं टाकलंत का?"

"नाही. खणात आहे."

"आणा इकडे. नाहीतरी भोपळा मिरजेला पाठवायचाच आहे, त्याच्याबरोबर हेही देतो. पिढीजात कारागीर आहेत तिथे, बघतील."

"काका, ते तानपुरेवाले. हे कम्प्युटरचं कार्ड आहे. आणि हे बिघडलेलंच आहे, तेच तर..."

"बिघडलेलं आहे ना? मग ते तसंच ठेवायचं, एवढंच त्यांना सांगायचं. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, उगाच नाही."

आणि मी कार्ड आणून दिलं. का दिलं, ते विचारू नका. दोनशे रुपयांचं होतं.

याला आता वीस दिवस झाले. काल लिफ्टमधून उतरून मी मुद्दाम जिन्याने वर आलो. काकांचं दार उघडं होतं. भोपळा कोपऱ्यात, तडा भिंतीकडे करून, सहा वर्षं आहे तिथेच आहे. कार्ड त्याला टेकवून ठेवलंय. त्याला खोळ शिवलीय.